बॅटरीचा आकडा

लॅपटॉप घरात आला त्या दिवशी चिंतामणराव त्यातून पहिलं वाक्य बोलले, ते पंख्याबद्दल होतं.

"पंखा कमी कर."

आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा, शुद्ध आणि गुळगुळीत. सुहासिनीबाई पलंगाजवळच उभ्या होत्या. दिवाळीपासून नवऱ्याच्या तोंडून त्यांनी एक धड शब्द ऐकला नव्हता. आता बोलतील तर काहीतरी मोठं बोलतील, निदान आपलं नाव तरी घेतील, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी रेग्युलेटर फिरवला, बरं वाटलं का म्हणून विचारलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडून घेतलं. मुलगा आल्हाद बाहेर लॅपटॉपच्या खोक्यातली थर्माकोलचे तुकडे गोळा करत होता. त्याला वाटलं, आई आनंदानं रडते आहे. काही अंशी ते खरंही होतं.

चिंतामणराव पहिल्यापासूनच कमी बोलणारे. जमीन मोजणीच्या खात्यात उभा जन्म गेला. आपल्या धाड गावापासून पार संग्रामपूरपर्यंतचे बांध त्यांनी साखळीनं मोजले होते. भांडणारे दोन भाऊ दोन्हीकडून ओरडत असायचे आणि हे मधे उभे राहून खाली मान घालून नकाशा बघायचे. घरी आले की तेच. भाजी कशी झाली विचारलं तर ‘ठीक’. साडी कशी दिसते, ‘ठीक’. सुहासिनीबाईंनी शाळेच्या कचेरीत नोकरी केली, दिवसभर माणसांशी डोकं लावलं, आणि संध्याकाळी या मुक्या माणसासमोर बसून त्याच एकट्या बोलत राहिल्या. त्याची त्यांना सवय झाली होती.

मग रिटायर झाल्यावर एकदा बाजारातून येताना चिंतामणरावांच्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना कळलंच नाही. पुढे हातातून पेला पडायला लागला. जीभ जड झाली. संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा मज्जातंतूंचा आजार आहे, एकेक स्नायू वाळत जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. थांबवणारं औषध नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, "एक दिवस श्वासाचे स्नायूही थकतील. तेव्हा घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं की नाही, हे घरात बसून आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी ठरवता येत नाही."

हो म्हणून सगळे उठले. त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बसलं नाही.

वाचा गेल्यावर सुहासिनीबाईंनी एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली. त्या बोट फिरवायच्या आणि हवं ते अक्षर आलं की चिंतामणराव डोळे मिटायचे. ‘पाणी’ म्हणायलाही दोघं दमून जायचे. शेवटी हो असेल तर डोळे मिटा, नसेल तर उघडे ठेवा, एवढ्यावरच संसार आला. हे कळल्यावर पुण्याला असलेला आल्हाद येताना बुलढाण्याहून हा लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, त्यांवरून एक पिवळी पट्टी सरकत जाणार. चिंतामणरावांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलत होतं. त्याच्याखाली एक बटण ठेवायचं, हव्या ओळीवर पट्टी आली की दाबायचं, मग हव्या अक्षरावर दाबायचं. शब्द पुरा झाला की मशीन तो मोठ्यानं बोलणार.

आल्हाद दोन दिवस राहून गेला. लॅपटॉपची कटकट मात्र तो गेल्यावर सुरू झाली.

आधी पडदा आपोआप काळा व्हायचा. कुणी कळफलकाला हात लावला नाही की मशीनला वाटायचं समोर माणूसच नाही. चिंतामणराव एका शब्दावर विचार करत पडलेले असायचे आणि पडदा विझायचा. सुहासिनीबाईंनी आल्हादला फोन लावून, तो सांगेल तिथं बोट दाबत दाबत ते बंद केलं. मग आवाज खोल जायला लागला. मग एक दिवस अक्षरं मराठीची इंग्रजी झाली. एकदा चिंतामणराव बोलत असताना मशीननं स्वतःच्या मनानं अपडेट घ्यायला सुरुवात केली आणि गोल गोल फिरत बसलं. त्यातून आणखी एक गंमत अशी की मशीनला ‘मले’ येत नव्हतं. चिंतामणरावांनी ‘मले’ केलं की ते खाली ‘मला’, ‘माझे’, ‘मलई’ असं सुचवायचं. ते सुचवलेलं घेतलं असतं तर त्यांचं बोट कमी दमलं असतं. पण त्यांनी कधी घेतलं नाही. दर वेळी ‘मले’ पुरं करायचे. पुणेरी वळणाच्या त्या गुळगुळीत आवाजात ‘मले चहा’ असं आलं की शेजारच्या जनकाबाई तोंडावर हात ठेवून हसायच्या.

"काय वो वहिनी, भाऊजी तं साहेबावाणी वऱ्हाडी बोलून राह्यले!"

चिंतामणरावांच्या डोळ्यांत तेव्हा हसू दिसायचं. जनकाबाई सकाळ-संध्याकाळ त्यांना कूस बदलून द्यायला यायच्या. अंगानं दांडग्या आणि मनानं मोकळ्या. त्या आल्या की खोलीतली हवा जरा हलकी व्हायची.

पण खरा घोळ बॅटरीचा होता. कोपऱ्यातला आकडा पूर्ण भरलेला दाखवायचा. वायर काढली की चांगला हळूहळू उतरायचा, नव्वद, ऐंशी, सत्तर. चाळीसच्या आसपास आला की काही न सांगता मशीन बंद. पडदा काळा. जसं काही कुणी मागून वायर उपटली. पुन्हा वायर लावून चालू केलं की आकडा दाखवणार दोन, नाहीतर तीन.

बुलढाण्याच्या ज्या दुकानातून आल्हादनं तो घेतला होता, तिथला प्रज्वल नावाचा पोरगा फोनवर म्हणाला, "काकू, नवा पीस आहे. बॅटरी कशी खराब असन? सेटिंगमंधी काहीतरी असन."

कंपनीच्या फोनवरची बाई हिंदीत बोलली. "मॅडम, वो नंबर तो सिर्फ अंदाजा होता है. एक बार फुल चार्ज कीजिए, फिर पूरा खतम होने दीजिए, फिर बंद करके फुल चार्ज कीजिए. मशीन अपने आप सीख जाएगी."

सुहासिनीबाईंनी ते कागदावर उतरून घेतलं नाही, डोक्यात ठेवलं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की पुरी संपू द्यायची आणि मग बंद ठेवून भरायची, म्हणजे तेवढा वेळ नवऱ्याचा आवाज काढून घ्यायचा. त्या पलंगाशी जाऊन बसल्या.

"अहो, अर्धा दिवस बोलता नाही येणार तुमाले. करू का?"

पट्टी सरकली. बोट दाबलं गेलं. "कर."

त्या दुपारी त्या खोलीतून हलल्या नाहीत. लॅपटॉप बाजूच्या स्टुलावर मिटून ठेवलेला, त्याचा बारका दिवा लागलेला. चिंतामणराव छताकडे बघत पडले होते. इतक्या वर्षांत ते बोलले नाहीत म्हणून सुहासिनीबाईंना कधी वाईट वाटलं नव्हतं, आला तर रागच आला होता. आता ती शांतता त्यांच्याच्यानं सोसवेना. त्या उगाच बडबडत राहिल्या. आल्हादच्या लहानपणीचं काही, शाळेतल्या हेडबाईंचं काही. संध्याकाळी मशीन चालू केलं तेव्हा ते म्हणाले, "लय बोलतं तू."

चार दिवस आकडा बरोबर चालला. पाचव्या दिवशी पुन्हा चाळीसवरून एकदम बंद. आता प्रज्वल म्हणाला, "मंग बॅटरीच बदला लागन. पीस कंपनीत पाठवा. दोन-तीन हप्ते जातीन."

दोन-तीन आठवडे. सुहासिनीबाईंनी विचारही केला नाही. "नाही बाप्पा," त्या म्हणाल्या, "तवर ते काय मुके राह्यतीन?" त्यांनी आपला एक नियम करून टाकला. आकडा निम्म्यावर आला की वायर लावायची. लाइट असेल तेव्हा वायर लावूनच ठेवायची. धाडला लाइट जायचीच, पण दोन-तीन तासांत यायची. भागून जात होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी चिंतामणरावांनी वायर नसताना बोलायला घेतलं. त्या भाजी निवडत बसल्या होत्या.

"डॉक्टर." मग बऱ्याच वेळानं, "म्हणाले." मग, "ते."

सुहासिनीबाईंचे हात थांबले. डॉक्टर म्हणाले ते. कोणते डॉक्टर आणि काय म्हणाले, हे त्यांना न सांगताच समजलं. पट्टी ओळीवरून सरकत होती. त्या तिच्याकडे बघत होत्या. पुढचा शब्द ‘नळी’ होता. तो आला आणि पडदा काळा झाला.

लाइट मघाशीच परत आली होती. वायर तिथंच भिंतीला लोंबत होती. सुहासिनीबाईंनी ती लावली, पण मशीनचं बटण दाबलं नाही.

"थोडी चार्ज होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी तवर भाजी टाकून येतो."

भाजी टाकली, पोळ्या केल्या, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. जनकाबाई आल्यावरच त्या खोलीत गेल्या. चिंतामणरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मशीन चालू झाल्यावर ते जनकाबाईंना म्हणाले, "पाय दुखते." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढू नये म्हणून सुहासिनीबाई त्या दिवसापासून पलंगाजवळ एकट्या कमीच बसू लागल्या.

एप्रिलात आल्हाद सुट्टी काढून आला होता तेव्हा वादळ झालं. दुपारी पश्चिमेकडून लाल धुरळा उठला, मग गारा. जनकाबाईंच्या गोठ्याचे पत्रे उडून रस्त्यावर आले. देऊळघाटच्या बाजूला विजेचे खांब आडवे झाल्याचं कळलं. लाइट गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशीही नाही. घरातला इन्व्हर्टर चिंतामणरावांच्या हवेच्या गादीला आणि कफ ओढायच्या मशीनला पुरता पुरता संपला. आल्हादनं लॅपटॉप जपून वापरायला लावला. आकडा साठच्या थोडा खाली होता. अगदी गरजेचं तेवढंच बोला बाबा, असं तो म्हणाला. चिंतामणराव दीड दिवस काहीच बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा कफ सुटेना. छातीत घरघर लागली, ओठ निळसर दिसायला लागले. अंग तापलेलं. जनकाबाई आणि आल्हादनं उचलून त्यांना गाडीत घातलं. सुहासिनीबाईंनी पिशवीत कागद, औषधं, लॅपटॉप, ते बटण, सगळं भरलं. भिंतीला लोंबणारी वायर राहून गेली. दोन दिवस लाइटच नव्हती, तिच्याकडे बघायचं कारणच पडलं नव्हतं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तोंडावर मास्क लावला. तरुण डॉक्टर होते, सभ्य. त्यांनी दोघांना बाजूला नेलं.

"न्यूमोनिया आहे. मास्कवर थोडा वेळ निघेल, पण ते थकलेत. नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. घेतलं तर या वेळी वाचतील असं वाटतं. पण नळी मग निघेलच असं मी सांगत नाही. या आजारात बहुतेक वेळा निघत नाही. पुढं घशाला भोक पाडून तिथून, कायमचं." ते थांबले. "पेशंट शुद्धीत आहेत. बोलू शकतात का कसे?"

"बोलतात," आल्हाद म्हणाला. "लॅपटॉपवर."

"मग त्यांनाच विचारा. लवकर."

सुहासिनीबाईंनी पलंगाच्या जेवणाच्या फळीवर लॅपटॉप उघडला. आकडा एकावन्न. त्यांनी पिशवीत हात घातला आणि वायर नाही हे त्यांना तेव्हा कळलं. पिशवी उलटी केली. आल्हाद गाडीतून स्वतःच्या लॅपटॉपची वायर घेऊन धावत आला, तिची पिन जाडी. नर्सनं कचेरीतल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. कुणाचीच बसेना. समोर भिंतीत चार-चार बटणांचा बोर्ड आणि त्यात लाइट, नुसती.

"बाबा," आल्हाद वाकून म्हणाला, "डॉक्टर नळी लावायचं म्हणतात. घशात. मशीनवर ठेवायचं. काय करू? सांगा ना बाबा."

चिंतामणरावांचं बोट बटणावर ठेवलं. पट्टी सरकायला लागली. एक ओळ चुकली, पुन्हा फिरून आली. मास्कमध्ये फूस फूस आवाज होत होता. डॉक्टर घड्याळाकडे न बघता उभे होते.

"मले," मशीन बोललं.

आकडा सेहेचाळीस.

"नळी."

पट्टी पुन्हा वरून खाली आली. चिंतामणरावांच्या कपाळावर घाम जमला होता. सुहासिनीबाईंनी तो पुसला नाही.

"लावू."

आणि पडदा काळा झाला.

आल्हादनं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्यावर कंपनीचं नाव येऊन लगेच विझलं. बोट अजून बटणावर दाबतच होतं, एकदा, थांबून पुन्हा एकदा. त्याच्यासमोर आता काहीच नव्हतं.

"लावू म्हणाले ना?" आल्हाद डॉक्टरांकडे वळला. मग आईकडे. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आई, लावू म्हणाले ना बाबा? लावू द्या, असंच ना?"

सुहासिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते त्यांच्याकडेच बघत होते. मास्कच्या वर ते दोन डोळे तेवढे जिवंत होते, बाकी सगळा माणूस आधीच कुठंतरी गेल्यासारखा. पुठ्ठ्याचे दिवस गेले तरी ती खूण अजून होती, आल्हादला या घाईत ती आठवली नव्हती. हो असेल तर डोळे मिटा. एवढं विचारायला काही बॅटरी लागत नव्हती. नळी नको म्हणायचं होतं का तुमाले? एवढंच वाक्य. ते त्यांच्या ओठाशी आलं होतं. त्याचं उत्तर काय येईल हे त्यांना भाजी निवडायच्या त्या दुपारपासून माहीत होतं.

त्यांनी विचारलं नाही. घरी जाऊन त्या रिकाम्या पलंगाची चादर काढायची, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्या भ्यायल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "लावू द्या, असंच म्हणत होते ते."

आल्हादनं सही केली. त्यांना आत नेताना चिंतामणरावांचे डोळे उघडेच होते. ते मिटले नाहीत.

ते वाचले. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. नळी तोंडातून काढून गळ्याला भोक पाडून बसवली आणि महिन्याच्या वर दवाखान्यात काढून ते मशीनसकट धाडला आले. घराची एक खोली दवाखाना झाली. श्वासाच्या मशीनचा आवाज भिंतीतून सगळ्या घरात ऐकू यायचा. त्यांना झोप अशी लागायचीच नाही. कफ ओढताना नळी आत घातली की त्यांचं सगळं अंग आखडायचं, डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि आवाज मात्र एकही नाही. हे दिवसातून कितीतरी वेळा करावं लागायचं, आणि ते सुहासिनीबाईच करायच्या.

आल्हादनं मोठा इन्व्हर्टर बसवून दिला. तेवढ्या काळात लॅपटॉपची बॅटरी बदलून आली. आता आकडा खरं बोलत होता. चाळीस म्हणजे चाळीस, दहा म्हणजे दहा, आणि संपायच्या आधी मशीन इशारा द्यायचं. बोट अजून हलत होतं, आधीपेक्षा मंद.

ते आल्हादशी व्हिडिओवर बोलायचे. "बरा आहे. तू जेव." जनकाबाईंशी बोलायचे, त्यांच्या गोठ्याला नवे पत्रे टाकले का म्हणून विचारायचे. सुहासिनीबाईंशी बोलत नव्हते. त्या समोर बसल्या की पट्टी वरून खाली, पुन्हा वरून खाली सरकत राहायची, आणि बोट पडून राहायचं. पाणी, कूस, लघवी, सगळं ते जनकाबाई यायची वाट बघून सांगायचे. नाहीतर सोसायचे.

जनकाबाईंच्या ते ध्यानात आलं. "भाऊजी तुमाले काऊन नाई सांगत वो?"

"मी चुकलो त्यायच्याशी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी, कफ ओढून झाल्यावर, त्या खाली पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांच्या हाताला अजून रबराच्या हातमोज्याचा वास येत होता.

"मले माहीत होतं," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमी नको म्हणत होते. मी खोटं सांगतलं आल्हादले. मले भेव वाटलं, तुमी जाता म्हणून. तुमचं काय होईन त्याचा मी इचारच नाही केला."

श्वासाचं मशीन भरत होतं, सोडत होतं. बऱ्याच वेळानं बटण वाजलं.

"माहीत."

सुहासिनीबाईंनी वर पाहिलं. पट्टी पुन्हा सरकत होती. एक शब्द, मग दुसरा. त्या उठल्या नाहीत, वायरीकडे पाहिलं नाही, स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. तिन्हीसांज होईपर्यंत त्या बसून राहिल्या आणि त्यांनी पुरं ऐकून घेतलं.

"पुढच्या बारीले नेऊ नको."

"नाही नेत," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात पुढं करून त्यांच्या बोटावर ठेवला. बोट गरम होतं. त्यानंतर ते त्यांच्याकडे पाणी मागू लागले. कूस बदल म्हणू लागले. एकदा ‘लय दमली तू’ असंही म्हणाले. यापलीकडे काही नाही. राग गेला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सुहासिनीबाईंनी विचारलं नाही.

पितृपक्षात ताप आला. छाती पुन्हा भरली. बुलढाण्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आणा, बघू. सुहासिनीबाईंनी आल्हादला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग गाडी का बोलावली नाहीस?" तो ओरडला. "आई, काय बघत बसलीस तू? मी इथून बोलावतो."

"तू त्यायच्याशीच बोल," त्या म्हणाल्या आणि फोन स्पीकरवर टाकून लॅपटॉपशेजारी ठेवला. लाइट होती, वायर लावलेली होती, बॅटरी भरलेली होती. तरी त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्याकडे दोनदा पाहिलं.

पट्टी सरकायला लागली. बोट आता इतकं मंद झालं होतं की एकेका अक्षराला पट्टी सगळा पडदा फिरून यायची. आल्हाद मधे मधे बाबा, बाबा, करत होता. सुहासिनीबाई त्याला म्हणाल्या, "थांब. बोलू दे त्यायले."

"मले." मशीनचा आवाज पूर्वीसारखाच गुळगुळीत. "घरीच." मग खूप वेळ. पलीकडून आल्हादच्या श्वासाचा आवाज येत होता. "राहू." मग शेवटचा शब्द, तो पुरा व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "दे."

पलीकडे आल्हाद रडायला लागला, आणि त्यानं गाडी बोलावली नाही.

मग डॉक्टरांनी फोनवर त्रास कमी व्हायचं औषध सांगितलं, ते सुहासिनीबाई देत राहिल्या. आल्हाद दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून निघाला. तो धाडच्या फाट्यावर पोचायच्या आत, उन्हं डोक्यावर आली असताना, चिंतामणराव गेले. सुहासिनीबाईंचा हात त्यांच्या छातीवर होता. श्वासाचं मशीन तरीही भरत-सोडत राहिलं. ते बंद करायचं बटण जनकाबाईंनी दाबलं.

आल्हाद आला, वडिलांच्या पायांवर डोकं ठेवून बसला. गल्लीतली माणसं अंगणात जमली होती, कुणी बांबू आणायला गेलं होतं. काही वेळानं तो उठून आईजवळ आला. त्याचे डोळे लाल होते, पण आवाज थंड होता.

"आई, तेव्हा दवाखान्यात... तेव्हाही त्यांना हेच म्हणायचं होतं का?"

जनकाबाईंनी मान वर केली. सुहासिनीबाईंना एक क्षण वाटलं की सांगावं, मशीन बंद पडलं होतं बाळा, मी काय सांगू. मशीन खरंच बंद पडलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या.

"आणि तुला माहीत होतं?"

"हाव."

सही आल्हादनं केली होती. पाच महिने रोज व्हिडिओवर तो वडिलांना म्हणत होता, बाबा, तुमची इच्छाशक्ती बघून मला बळ येतं. सुहासिनीबाईंना तेही आठवलं आणि त्यांनी मान खाली घातली. त्याला हात लावायला त्या पुढं झाल्या, तर तो एक पाऊल मागं सरला.

"आंघोळीचं पाणी काढायला सांगतो," तो म्हणाला, आणि बाहेर माणसांत गेला.

दहावा, तेरावा, सगळं त्यानं नीट केलं. आईशी कामापुरतं बोलला. जाताना पाया पडला. पुण्याला पोचल्याचा फोन त्यानं जनकाबाईंच्या नंबरवर केला, आणि त्या धावत धावत सांगायला आल्या. सुहासिनीबाई तेव्हा त्या खोलीतल्या पलंगाची चादर काढत होत्या. बरं झालं, सुखरूप पोचला, एवढं म्हणून त्यांनी चादरीची घडी केली आणि दुसरं टोक धरायला जनकाबाईंना आत बोलावलं.